घरच्या खटपटीसाठी तुमची आवडती हत्यारं कोणती?

सूतभर

नमस्कार मंडळी. घरात ज्या हत्यारांनी आपण शेल्फ लावतो, नळ बदलतो, दाराची बिजागरी सरळ करतो त्यांच्याबद्दल मराठीत एका जागी फारसं काही सापडत नाही, म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय आहे, कुठलं खरोखर हाताला बसलं, कुठल्या कामाला काय घ्यावं असं सगळं इथे लिहा. सुताराची, प्लंबरची, इलेक्ट्रिकची, बागेची, सगळी हत्यारं चालतील.

सुरुवात मी करतो आणि माझं मत ठाम आहे. लोक पहिल्यांदा ड्रिल मशीन घेतात, पण पहिले पैसे मोजायच्या हत्यारांवर घालावेत. चांगला टेप, चांगला गुण्या (काटकोन बघायचा), चांगली लेव्हल. भोक वाकडं पडलं तर त्यात मशीनचा दोष क्वचित असतो, खूण चुकीच्या जागी केलेली असते.

टेपच्या टोकाची ती पत्र्याची कडी थोडी हलते बघा. बरेच जण ढिली झाली म्हणून ती ठोकून घट्ट करतात, कृपया करू नका. ती मुद्दाम हलती ठेवलेली असते आणि स्वतःच्या जाडीइतकीच हलते. फळीच्या कडेला अडकवून ओढलं की बाहेर सरकते, कोनाड्याच्या आत टेकवून दाबलं की आत जाते, म्हणून बाहेरचं माप आणि आतलं माप दोन्ही बरोबर येतात. ती ठोकून बसवली की त्यातलं एक माप कायमचं चुकणार.

गुण्या तपासायचा तर प्लायच्या सरळ कडेला लावून पेन्सिलीने एक रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर जितक्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. दुकानातच करून बघा, दुकानदार काही म्हणत नाही. लेव्हलचंही तसंच, एका जागी ठेवून बुडबुडा बघा, मग टोकं उलटी करून त्याच जागी ठेवा, बुडबुडा दोन्ही वेळेला एकाच ठिकाणी थांबला पाहिजे.

आणि एक जुनी पद्धत, जी मला लेझरवाल्या लेव्हलपेक्षा जास्त आवडते, ती म्हणजे गवंड्याची लेव्हल पाईप. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन्ही टोकांवरचे अंगठे काढायचे, की दोन खोल्यांमध्ये भिंत असली तरी दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. खर्च एका नळीचा आणि चूक होणं जवळजवळ अशक्य.

तुम्ही सांगा आता.

शेगडा

धागा उत्तम. मी आयटीआयचा फिटर, नोकरीतली वर्षं वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे माझं पहिलं प्रेम हँड टूल. घरात पक्कड, नोज प्लायर, साइड कटर, एक ॲडजस्टेबल पाना, रिंग पान्यांचा सेट आणि चार स्क्रू ड्रायव्हर एवढं जरी नीट असलं तरी ऐंशी टक्के कामं होतात. माझ्याकडे बहुतेक टपारियाचं आहे. नाशिकला सातपूर एमआयडीसीत त्यांचा कारखाना, सुरुवातीला स्वीडिश कंपनीच्या सहकार्याने माल काढायला लागले आणि आज महाराष्ट्रात कुठल्याही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांची पक्कड टांगलेली दिसतेच. जबडे बंद करून उजेडाकडे धरा, टोकाला फट दिसता कामा नये. साइड कटरने एकच बारीक तार टोकाशी कापून बघा, तुटली पाहिजे, नुसती चेपली तर तो परत करा.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल जरा जास्त बोलतो, कारण घरातले निम्मे स्क्रू इथेच खराब होतात. चौफुली स्क्रूला घरात बहुतेक ठिकाणी फिलिप्सचा 2 नंबर लागतो, लोक हाताला येईल तो 1 नंबर घालून पिळतात, मग खाच गोल होते आणि म्हणतात स्क्रू हलका होता. टोक खाचेत बसवून हात सोडा, ड्रायव्हर स्वतः उभा राहिला तर तो बरोबर मापाचा. आणि जोर दाबण्यात जास्त लावा, पिळण्यात कमी.

एक भर, घरात जागा असेल तर छोटा शेगडा (वस्तू घट्ट पकडून धरणारा व्हाइस) जरूर बसवा. एका हाताने वस्तू धरून दुसऱ्या हाताने हॅक्सॉ चालवणं म्हणजे बोट कापायची तयारी. हॅक्सॉच्या ब्लेडचे दात पुढच्या दिशेला हवेत, जोर पुढे ढकलताना, मागे येताना हलका हात.

तिसरामजला

वाचतोय, खूप माहिती मिळतेय. माझा प्रश्न आहे. पुण्यात वाकडला नवीन फ्लॅट घेतलाय, मायव्हन पद्धतीचं बांधकाम, सगळ्या भिंती काँक्रीटच्या. माझ्याकडे 500 वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल आहे, आधीच्या विटांच्या घरात लोण्यासारखं चालायचं, इथे एक सेंटीमीटर आत गेलं की नुसती बिट लाल होते आणि पुढे सरकत नाही. बिट नवीन आणली, तेच. पडद्याचे रॉड, टीव्ही, किचनमधलं शेल्फ सगळं लावायचं बाकी आहे. मशीन बदलू का? आणि ती कन्सिल्ड (भिंतीच्या आतून जाणारी) वायर टाकायला झिरी पाडता येईल का भिंतीत?

शेगडा

तिसरामजला, मशीन खराब नाहीये, काम वेगळं आहे. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि त्यातून ठोके येतात. ठोके खूप, मिनिटाला 40 हजाराच्या आसपास, पण एकेक ठोका अगदी हलका, आणि मागून तुम्ही जोर लावाल तेवढाच. विटेला ते पुरतं. काँक्रीटमध्ये खडी असते, तिला फोडायला जड ठोका लागतो.

त्यासाठी रोटरी हॅमर. त्यात मोटर एक पिस्टन मागेपुढे करते, पिस्टन पुढची हवा दाबतो, ती हवा आतल्या ठोकळ्याला बिटवर आपटते. ठोके मिनिटाला 5 हजारांच्या आत, पण छोट्यातलं छोटं चांगलं मशीन एकेका ठोक्याला 2 ज्यूल ताकद देतं. म्हणून त्याला मागून रेटायचं नसतं, नुसतं सरळ धरायचं, तेच आत जातं. तुमचं खांद्याने ढकलून जे पाच मिनिटांत होत नाही ते अर्ध्या मिनिटात होईल.

त्याची बिट वेगळी, एसडीएस प्लस, मागची दांडी 10 एमएमची आणि तिला खाचा. ती चकमध्ये घट्ट बसत नाही, थोडी आतबाहेर सरकते, ते तसंच असतं, घाबरू नका. दांडीला बोटभर ग्रीस लावत जा.

झिरी मात्र पाडू नका! मायव्हनमध्ये भिंत हीच स्लॅबचं वजन घेते, तुम्हाला जी साधी भिंत दिसते तिच्यात सळया आहेत. वायरला वरून पट्टी लावा. भोक पाडताना मधेच एकदम कडक लागलं आणि भुकटी करडी न येता चमकदार कीस आला की सळई लागली असं समजा, तिथेच थांबा, दोन-तीन सेंटीमीटर बाजूला सरका. सळई कापत बसू नका.

चार भोकांसाठी मशीन घ्यायचंच असं नाही. हार्डवेअरच्या बऱ्याच दुकानांत दिवसाच्या भाड्याने मिळतं, सगळ्या खुणा आधी करून ठेवा आणि एका दिवसात उरका. सोसायटीत आवाजाची वेळ ठरलेली असेल तर तेही विचारून घ्या, त्या काँक्रीटमधून आवाज चार मजले वर-खाली जातो.

बाल्कनीबाग

वरच्या प्रतिसादाला +१, आणि उलट्या बाजूची भर घालते. आमच्याकडे बाहेरच्या भिंती काँक्रीटच्या आणि आतल्या पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या आहेत, ज्याला आपल्याकडे सगळे सिपोरेक्सच म्हणतात. तिथे हॅमर अजिबात चालू करायचा नाही, नुसतं फिरवून भोक पाडायचं, नाहीतर भोक आतून फुगतं आणि नेहमीचा रॉल प्लग (भोकात घालायचा, स्क्रू धरणारा) बोटाने ओढला तरी बाहेर येतो. बिट प्लगपेक्षा एक एमएम लहान घ्यायची आणि प्लग लांब, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे नायलॉनचे मिळतात ते. गिझर किंवा जड कपाट असल्या भिंतीवर टांगू नका, काँक्रीटच्या भिंतीवर न्या.

भिंत कशाची हे कळायला सोपं आहे, पहिल्या भोकातून कसली भुकटी येते बघा. लाल आली तर वीट, करडी आणि बारीक तर काँक्रीट, पांढरी भसाभस आली तर ब्लॉक. आणि भुकटी जमिनीवर पडू नये म्हणून भोकाच्या जरा खाली चिकटपट्टीने कागदाचा द्रोण लावते मी, पसारा एकदम कमी होतो. प्लग घालण्याआधी भोकातली भुकटी फुंकून काढायलाच हवी, पण गॉगल लावून, ती डोळ्यात जाते. सायकलचा पंप सगळ्यात बेस्ट.

चिरेबंदी

आमच्याकडे रत्नागिरी साइडला तुमची वीटही नाही आणि ब्लॉकही नाही, घर जांभ्याच्या चिऱ्याचं. यावर कुणी लिहीत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

चिरा आतून सच्छिद्र असतो, एका जागी दगडासारखा घट्ट आणि बोटभर पुढे पोकळी. ड्रिल त्यात सहज जातं, पण भोक गोल राहत नाही, बिट मऊ बाजूला पळते. 6 एमएमचा प्लग आमच्याकडे कधीच टिकत नाही. मी असं करतो, पहिलं भोक हॅमर बंद ठेवून बारीक बिटने पाडायचं म्हणजे जागा हलत नाही, मग 10 किंवा 12 एमएमने मोठं आणि चांगलं चार इंच खोल करायचं, पाण्याचा फवारा मारून आतली लाल माती धुऊन काढायची, आणि सिमेंटचा घट्ट गिलावा आत ठासून त्यात प्लग बसवायचा. दोन दिवस हात लावायचा नाही. घाई असेल तर केमिकल अँकरची (भोकात भरून घट्ट होणाऱ्या मसाल्याची) ट्यूब मिळते पण चिऱ्याच्या पोकळीत ती अर्धी वाहून जाते, जाळीची नळी घालूनच भरायची. आणि शक्यतो चिऱ्याच्या मध्यावर भोक घ्या, सांध्यात नको. जुन्या घरात सांधे मातीचे किंवा चुन्याचे असतात, त्यात काहीच धरत नाही.

जुनी माणसं भिंत बांधतानाच सागाच्या किंवा फणसाच्या खुंट्या, फळ्या आत घेऊन ठेवायची, त्याला स्क्रू मारला की आजही हलत नाही. नवीन चिऱ्याचं बांधत असाल तर कपाटं कुठे येणार ते ठरवून गवंड्याला सांगा आणि लाकडी ठोकळे आत घालून घ्या.

हत्याराचं म्हणाल तर आवडतं एकच, ओळंबा. चिऱ्याची भिंत कधीही सरळ नसते, तिच्या नजरेने काही लावलं तर वाकडंच दिसतं. दोरी सोडली की खरं काय ते कळतं.

ह्यूस्टनकर

मस्त धागा! इकडे मी ड्रायवॉलच्या घरात राहतो, भिंत म्हणजे जिप्समचा अर्धा इंच पुठ्ठा आणि मागे 16 इंचांवर लाकडी दांडे, त्यामुळे माझं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे छोटंसं चुंबक. भिंतीवरून फिरवायचं, आतल्या स्क्रूवर चिकटलं की तिथे दांडा आहे. तुमच्या चिऱ्यापुढे हे फारच सोपं आहे.

पण एक प्रश्न. दिवाळीत चिपळूणला येतोय, भावाला इथून ड्रिल आणावं म्हणतोय. काय बघू?

सातपूरची

ह्यूस्टनकर दादा, वायरवालं अजिबात आणू नका. तिकडचं मशीन 120 व्होल्टचं, इथे 230, बटण दाबलं की धूर. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं पण हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर ड्रिलपेक्षा जड असतो, त्यात काही अर्थ नाही.

बॅटरीवालं आणा. मशीनला इथल्या-तिथल्या विजेशी देणंघेणं नसतं, फक्त चार्जरवर काय छापलंय ते वाचा, 100 ते 240 असेल तर चालेल, नुसतं 120 असेल तर चार्जर इथे घ्या. त्यासाठी जी कंपनी भारतात तीच बॅटरी विकते तीच निवडा. उदाहरणार्थ डीवॉल्टवर तिकडे 20 व्होल्ट मॅक्स लिहिलेलं असतं आणि बाकी जगात 18 व्होल्ट, बॅटरी तीच. मकिता आणि बॉशच्या निळ्या 18 व्होल्टचंही इथे मिळतं.

हा व्होल्टचा घोळ सगळ्यांनाच पडतो म्हणून सांगते. आत लिथियमचे सेल असतात, एकाचे 3.6 व्होल्ट. पाच सेल म्हणजे 18. नुसते पूर्ण चार्ज झालेले मोजले तर एकेक चारच्या वर जातो म्हणून कोणी 20 लिहितं. तीन सेल म्हणजे 10.8, तेच कोणी 12 लिहितं. ताकदीत काही फरक नाही, लिहिण्यात आहे. त्यामुळे 21 व्होल्ट, 24 व्होल्ट असं मोठं छापलेलं स्वस्त मशीन बघून भुलू नका, आत किती सेल आहेत ते विचारा.

विमानाचं पण बघा. मशीन चेक-इनच्या बॅगेत, सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेत, टोकांना टेप लावून. 18 व्होल्ट गुणिले 5 ॲम्पिअर-अवर म्हणजे 90 वॅट-अवर, शंभरच्या आत आहे म्हणून चालतं. त्याहून मोठी बॅटरी असेल तर एअरलाइनला आधी विचारावं लागतं.

आणि आता माझं आवडतं सांगते. माझ्याकडे 12 व्होल्टचा छोटा ड्रायव्हर आहे आणि घरातली सगळी कामं मी त्यानेच करते. बाईच्या हाताला 18 व्होल्टचं मशीन डोक्याच्या वर धरून पंख्याजवळ काम करणं जड जातं, मनगट दुखतं, आणि गरजही नसते. कपाटाचे स्क्रू, बिजागऱ्या, पडद्याचे ब्रॅकेट, खाट उघडणं-जोडणं याला 12 भरपूर झालं. चकच्या मागे आकडे लिहिलेली जी रिंग असते ना, ती लोक वापरतच नाहीत, सरळ ड्रिलच्या खुणेवर ठेवतात आणि एमडीएफमध्ये (भुसा दाबून केलेल्या बोर्डात) स्क्रू आरपार बुडवतात. तीन-चारपासून सुरू करा, स्क्रू पूर्ण बसायच्या आत कटकट आवाज आला तर एक आकडा वाढवा. डोकं पृष्ठभागाला टेकलं की स्वतः थांबलं पाहिजे.

बॅटरी ठेवताना निम्मी चार्ज करून ठेवा, रिकामी करून महिनोन् महिने ठेवली तर मरते. उन्हात गाडीत ठेवू नका.

ह्यूस्टनकर

सातपूरची ताई, मनापासून आभार, हे एवढं नीट इथल्या दुकानातही कोणी सांगितलं नव्हतं. 12 व्होल्टचंच आणतो.

सूतभर

टेस्टरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. निऑनचा स्क्रू ड्रायव्हर टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन बंद आहे असं धरू नका, रबरी चप्पल आणि लाकडी स्टूल असलं तरी तो नीट पेटत नाही. साधा मल्टिमीटर घ्या. आणि भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ बाजूला जागा सोडा, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते. नळाचंही तसंच. पॉवर टूल वापरणाऱ्याच्या घरात 30 मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असायलाच हवी, नसेल तर ड्रिल घेण्याआधी ती बसवा.

आठसूत

मी व्यवसायाने नाही पण घरचं फर्निचर स्वतः करतो. सागाचं, जुन्या दारं-खिडक्यांचं लाकूड आणून. ग्राइंडर आणि मार्बल कटर ही माझी मुख्य मशीनं. टेबल सॉ ठेवायला फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे. मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावलं की प्लाय सरळ कापता येतो, आपल्याकडे सगळे सुतार तेच वापरतात.

शेगडा

आठसूत, सगळे सुतार वापरतात हे खरं, आणि बऱ्याच सुतारांची बोटंही तशीच गेलीत. राग मानू नका पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्बल कटर मिनिटाला 12-13 हजार फेरे घेतो, लाकडाची सर्क्युलर सॉ साधारण 5 हजार. ब्लेडवर जास्तीत जास्त किती फेरे चालतात ते छापलेलं असतं, वाचा. दुसरं, सर्क्युलर सॉला खालून एक झाकण असतं जे लाकडातून बाहेर आलं की आपोआप पातं झाकतं. मार्बल कटरला ते नाही, खाली ठेवलं तरी पातं उघडं आणि फिरतंच आहे. दगडाचं चाक अडकलं तर घासत थांबतं, दातेरी ब्लेड लाकडात अडकलं की मशीनच उसळून मागे तुमच्याकडे येतं.

ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं तर कधीच नाही, कोणी काहीही सांगो. 100 एमएमचं चाक 11 हजार फेऱ्यांवर फिरताना त्याची कड ताशी 200 किलोमीटरच्या पुढे असते. गार्ड काढायचं नाही, फुल बाह्या, ओढणी, लुंगी काही सुटं नको, सुती हातमोजेसुद्धा नकोत, चाकात ओढले जातात. गॉगल साध्या चष्म्यावरूनही घालायचा.

आणि कटिंग व्हीलच्या मधल्या धातूच्या रिंगवर महिना-वर्ष छापलेलं असतं, ते बघून घ्या. ती एक्सपायरी असते, बनवल्यापासून तीन वर्षं. राळेने बांधलेलं चाक असतं, जुनं झालं, ओल लागली की फुटू शकतं. दुकानात तळाला राहिलेली जुनी चाकं स्वस्तात देतात, घेऊ नका.

घरच्या प्लायसाठी जिगसॉ घ्या, सरळ रेघेला बाजूने पट्टी क्लॅम्प करा. मोठे तुकडे प्लायच्या दुकानातच पॅनल सॉवर मापात कापून मिळतात, थोडे पैसे घेतात पण कड आरशासारखी येते.

आठसूत

शेगडा काका, राग कशाला, बरोबर बोललात. पातं उघडं राहतं हा मुद्दा पटला, सर्क्युलर सॉ बघतो. गॉगल आणि गार्ड मी वापरतोच.

पण मला खरं बोलायचंय ते पटाशीबद्दल (सुताराची छिन्नी), कारण मशीन कितीही असो, बिजागरी बसायची खाच आणि सालीचा (खाचेत जीभ बसवायचा) सांधा शेवटी पटाशीनेच बसतो. नवीन पटाशी दुकानातून आणली की ती धारदार नसतेच, तशी विकतच नाहीत, धार आपण लावायची असते. आधी तिची पाठ सपाट करायची, टोकाकडचा इंचभर भाग दगडावर पूर्ण टेकवून, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. हे एकदाच. मग उतार 25 अंशाच्या आसपास धरून तेलाच्या दगडावर पुढे-मागे, कोन बदलू द्यायचा नाही. थोड्या वेळाने पाठीकडच्या बाजूला बोट आडवं फिरवलं की केसासारखी तार लागते. ती सगळ्या रुंदीभर लागली पाहिजे, एका कोपऱ्यात नसेल तर तिथे धार पोचलेली नाही. मग पाठ सपाट टेकवून ती तार काढायची, बारीक दगडावर तेच परत, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढायचं.

तपासायला कागद कापू नका, पाइनसारख्या मऊ लाकडाचं टोक तासून बघा. भोथरी पटाशी मऊ लाकूड चेपते आणि दोरे उपटते, धारदार असेल तर टोकाकडचं लाकूडही गुळगुळीत, चकाकणारं निघतं. सागाला तेल असतं, तो हाताला गोड लागतो पण त्यात वाळूसारखे कण असतात म्हणून धार लवकर जाते. अर्ध्या तासाने दगडाकडे परत यायचं, कंटाळा करायचा नाही. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते.

रंध्याचंही असंच. लोखंडी रंधा नवीन घेण्यापेक्षा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फिरा, जुने लाकडी, लोखंडी दोन्ही मिळतात. तळ सपाट आहे का ते स्टीलची पट्टी लावून बघा, तोंडाला चीर नको, पातं अर्धं तरी शिल्लक हवं. बाकी गंज घाबरण्यासारखा नसतो.

बाल्कनीबाग

गंज कसा काढता? माझ्या बागेच्या कात्र्या आणि खुरपं दर पावसाळ्यात तांबूस होतात.

चिरेबंदी

बाल्कनीबाग ताई, कोकणात राहून हा विषय पाठ झालाय. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या घासणीने घासा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा म्हणजे राहिलेलं आम्ल मरतं, लगेच पुसून उन्हात कोरडं करा आणि लगेच तेल लावा. ओलं तसंच ठेवलं तर तासाभरात परत तांबूस होतं. तेल शिलाई मशीनचं. खोबरेल लावू नका, सुरुवातीला छान वाटतं पण काही महिन्यांत चिकट होऊन त्यावर धूळ बसते. ज्या पेटीत स्पंज किंवा फोम असतो ती पावसाळ्यात उघडी ठेवा, फोम ओल धरून ठेवतो.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं बाहेर काढतात, घासून-पुसून, तेल लावून, मग हळद-कुंकू आणि झेंडू. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, म्हणजे गंज बघायची नेमकी हीच वेळ. वडील त्या दिवशी प्रत्येक मूठ हलवून बघायचे, हातोडीची ढिली झाली असेल तर त्याच दिवशी नवीन पाचर. मीही तेच चालू ठेवलंय आणि आता मुलगी माझ्याबरोबर बसते, पटाश्या तिच्याकडे असतात.

सातपूरची

प्लंबिंगचं कोणीच लिहिलं नाही. नळाच्या चकचकीत नटाला पाईप पाना लावू नका, त्याचे दात क्रोम खरवडतात, ॲडजस्टेबल पाना घ्या, मधे जुन्या कापडाचा तुकडा. टेफ्लॉन टेप आटे घट्ट होतात त्याच दिशेने गुंडाळायची, म्हणजे आट्यांचं तोंड आपल्याकडे करून धरलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे. उलटी गुंडाळली तर पिळताना सुटून गोळा होते आणि नळ गळतो, मग लोक अजून टेप लावतात. प्लास्टिकच्या आट्यात खूप टेप भरून पिळू नका, सॉकेट फुटतं. आणि काम सुरू करण्याआधी वरचा कॉक बंद होतोय का ते बघा, फक्त फिरतोय हे पुरेसं नाही, पाणी थांबतंय का ते बघा.

तिसरामजला

सगळ्यांचे आभार, भाड्याने रोटरी हॅमर आणलं आणि रॉड, टीव्ही, शेल्फ सगळं लागलं. वायरला वरून पट्टी लावली. सूतभर, लेव्हल पाईपने किचनचं शेल्फ लावलं, ओटा आणि शेल्फ एकदम समांतर आलेत.

एक शेवटचं. वडिलांचं जुनं रॅलीवुल्फचं ड्रिल घरी आहे, मुलुंडला बनायचं ते, सगळी बॉडी ॲल्युमिनियमची, जड आहे. फिरतं पण आत ठिणग्या खूप दिसतात आणि वायर तडकलीय. टाकून द्यायची इच्छा नाही. दुरुस्त होईल का, की नुसतं शोभेला ठेवू?

शेगडा

अजिबात टाकू नका, त्यातली मोटर आणि गिअर आजच्या हलक्या मशीनपेक्षा दणकट आहेत. पण दुरुस्त होईपर्यंत लावू नका, कारण बॉडी धातूची आहे. आजच्या प्लास्टिकच्या मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना डबल इन्शुलेशन असतं म्हणून दोन तारांची वायर चालते. याला ते नाही, याला तीन तारांचीच वायर हवी आणि अर्थिंगची तार बॉडीला स्क्रूने पक्की. ज्या सॉकेटला लावणार त्याला अर्थिंग खरंच आहे का ते मल्टिमीटरने बघून घ्या, भोकं तीन असली तरी मागे तार नसते असं जुन्या घरात पुष्कळदा दिसतं.

ठिणग्या बहुतेक कार्बन (फिरत्या मोटरला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) संपल्यामुळे. बाजूचे दोन स्क्रूसारखे टोपण उघडले की स्प्रिंगसकट कार्बन बाहेर येतात. दोन्ही एकदम बदला, एकच नाही. आत बॅटरीच्या उजेडात कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो गोल भाग) बघा, तांब्याच्या पट्ट्या एकसारख्या तपकिरी असतील तर छान, एखादी पट्टी काळी जळलेली किंवा खोल गेलेली असेल तर आर्मेचर वाइंडिंगवाल्याला दाखवा, आणि त्याच्याकडूनच मेगरने इन्शुलेशन तपासून घ्या. गिअरचं जुनं ग्रीस वाळलेलं असेल ते रॉकेलने धुऊन नवीन भरा.

कार्बन आता त्या नावाने मिळणार नाहीत. जुना काढून मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात घेऊन जा, लांबी, रुंदी, जाडी तिन्ही जुळतील असे शोधा. अगदी तेच माप नसेल तर जरा मोठे घेऊन पॉलिश पेपरवर घासून मापात आणा, खाचेत सैल नको आणि अडकायलाही नको, स्वतःच्या वजनाने सरकले पाहिजेत. बसवल्यावर पाच-दहा मिनिटं मशीन रिकामं फिरवा म्हणजे टोकं गोलाईवर बसतात, मग ठिणग्या कमी होतील.

भोक लाकडात आणि लोखंडात पाडा त्याने. तुमच्या काँक्रीटला ते लावू नका, त्यात हॅमर नाहीये.